लस घेतल्यावर खांदा धरला की पाच लाख? त्या मेसेजमधलं काय खरं

कोल्हापुरात मोबाइलवर फिरणारा मेसेज असा: ‘लसीने खांदा धरला तर सरकार पाच लाख देतं. कलेक्टर कचेरीत आधार आणि सर्टिफिकेट द्या.’

‘सरकार देतं.’ खांद्याच्या इजेला भरपाई देणारी योजना आहे, पण अमेरिकेत. तिथल्या भरपाईच्या तक्त्यात ही इजा २०१७ साली आली. दुखणं ४८ तासांत, टोचलेल्याच खांद्यात सुरू झालेलं हवं आणि साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त टिकलेलं. लसही सहसा तिथेच घेतलेली हवी. तुमच्या मुलाने फ्लूची लस तिकडे घेतली असेल, तर नागरिक नसला तरी त्याला तीन वर्षांत अर्ज करता येतो. नागाळा पार्कातल्या कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन त्यातलं काही मिळणार नाही.

‘खांदा दुखला की झालं.’ दोन-तीन दिवस हात जड होतोच, ती इजा नव्हे. सुई खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या मांसात, काटकोनात जायला हवी. बाही वर न करता नुसती कॉलर ओढली की सुई सहज वर जाते. मग लस सांध्यालगतच्या पिशवीत उतरते, तिथे सूज धरते आणि हात वर जात नाही. म्हणजे दोष बहुधा टोचण्याचा, लसीचा नाही. दावा कंपनीवर नव्हे, दवाखान्यावर.

पण हे शाबीत करणं अवघड. एक्स-रेत ही सूज दिसत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. साखर असेल तर समोरचा वकील खांदा साखरेनेच आखडला म्हणणार, आणि साखरेत तो खरोखर आखडतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच केसपेपरवर लिहून घ्या: कोणत्या हाताला लस, दुखणं कधीपासून, हात किती उचलतो.

‘सर्टिफिकेट पुरे.’ सुई कुठे गेली हे त्यावर नसतं. दवाखान्याकडे नोंदी लेखी मागा, ७२ तासांत द्याव्या लागतात. पावती तर जपाच. पैसे मोजून लस घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. सगळ्यांनाच फुकट सेवा देणाऱ्या सरकारी केंद्रात लस घेतली असेल, तर १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा रस्ता बंद. उरतो दिवाणी दावा, तोही सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस देऊन.

औषध-लसींच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला, १८००-१८०-३०२४ वर, त्रास जरूर कळवा. त्या नोंदीवर पैसे मिळत नाहीत, पण कळवल्याची तारीख फाइलला लावता येते.