जोत्याला थांबा

परवा एका नव्या साइटवर लाइनआउट टाकला, म्हणजे पायाची आखणी केली. पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या, खुंट्या ठोकल्या, आणि मालकांना म्हटलं, "मंजूर नकाशा द्या, गेटवर लावायचाय." ते म्हणाले, "तो घरी कपाटात आहे. तुमच्याकडं वर्किंग ड्रॉइंग आहे की!" वर्किंग ड्रॉइंग म्हणजे मिस्त्रीच्या कामापुरता नकाशा, मंजुरीच्या शिक्क्याचा नव्हे. घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. पोस्ट लांबेल, पण घर बांधणाऱ्यांनी आणि विशेषतः माझ्या धंद्यातल्या लोकांनी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती आहे.

मी छोटा बांधकाम कंत्राटदार आहे. वडील गवंडी होते, मीही थापी धरूनच वर आलो. २४ वर्षं झाली. आमच्यात एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "परवानगी मालकाची, बांधणं आपलं." अर्धी वर्षं मीही तेच म्हणत होतो.

२०१४ साली मी माझ्याच शाळेतल्या गुरुजींचं घर बांधलं. रिटायरमेंटचा सगळा पैसा त्यांनी त्यात घातला होता. रोज सकाळी छत्री घेऊन यायचे आणि विटांवर पाणी मारत बसायचे. नगरपरिषदेची परवानगी रीतसर होती, आर्किटेक्टनी नकाशा नियमात बसवून दिला होता. पूर्वेच्या बाजूला दीड मीटर मोकळी जागा सोडायची होती. मी शेजारच्या तारेच्या कुंपणाला टेप लावला आणि दीड मीटर मोजून खुंटी मारली. कुंपण म्हणजेच हद्द असं धरून चाललो. मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा हद्द दाखवणारा नकाशा, मागायचं डोक्यातच आलं नाही. खरी हद्द कुंपणाच्या आत ३० सेंटीमीटर होती. शिवाय बाहेरचं प्लॅस्टर आणि त्यावरची दगडी टाइल मी हिशोबात धरली नव्हती, त्यात आणखी ५ सेंटीमीटर गेले. उरलं १ मीटर १५ सेंटीमीटर.

हे कळलं कधी? दोन मजले चढून, रंग लागून, वास्तुशांत झाल्यावर. भोगवट्याचा, म्हणजे घर वापरायच्या दाखल्याचा, अर्ज गेला, नगरपरिषदेचे इंजिनिअर टेप घेऊन आले आणि दहा मिनिटांत त्यांनी ते माझ्यासमोर मोजून दाखवलं. गुरुजी माझ्याकडं बघत म्हणाले, "अरे, तू मोजलं होतंस ना?" मला उत्तर देता आलं नाही.

तो भोगवटा अडकला तो अडकलाच. पुढं मुलाला घरावर कर्ज हवं होतं, बँकेनं पहिला कागद भोगवट्याचाच मागितला. गुरुजींनी किती खेटे घातले ते मला माहीत आहे, कारण निम्म्या वेळा मी सोबत होतो.

हेच जोत्याला, म्हणजे पाया होऊन काम फरशीच्या पातळीला आलं तेव्हा, कळलं असतं तर तीन कॉलम आणि एक बीम फोडावा लागला असता. पंधरा दिवसांचं काम वाया गेलं असतं, खर्च मी सोसला असता आणि घर कागदोपत्री स्वच्छ राहिलं असतं. जोते तपासणी असते ती याचसाठी. काम जोत्यापर्यंत आलं की आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत कळवायचं, मोजमाप मंजूर नकाशाशी जुळतंय हे तपासून घ्यायचं आणि मगच वर जायचं. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग वगळता राज्यात एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यातही हा टप्पा आहे. पण आमच्याकडच्या किती साइट जोत्याला खरोखर थांबतात? मी उभ्या आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बघितल्यात.

का थांबत नाहीत, तेही सांगतो. सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅब ओतताना आधार द्यायचं, सामान भाड्यानं आणलेलं असतं, ते रोज पैसे खातं. मजूर रिकामे बसले की दुसऱ्या साइटवर जातात आणि परत येत नाहीत. नगरपरिषदेत इंजिनिअर मोजके, त्यांच्याकडं पाणीपुरवठ्यापासून रस्त्यापर्यंत सगळं, त्यामुळं साइटवर यायला उशीर होतो. आणि काही ठिकाणी मुद्दाम लावलेला उशीरही असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. वेळेवर येऊन मोजून जाणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. ते होत नसेल तर मालकानं लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी. पण त्यांचा उशीर हे माझ्या चुकीचं कारण होऊ शकत नाही.

आता मी त्या दिवसांचं कामच ठरवून टाकलंय. जोत्यातला मुरूम थराथरानं टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकून बसवायचं, पुन्हा पाणी. भराव बसायला दिवस लागतातच. घाई केली की वर्षभरात फरशी खचते, मग मालक फोन करतो. त्याच दिवसांत ड्रेनेजचे पाइप आणि शोषखड्डा उरकून घेतो. मजूर बसून राहत नाहीत आणि तपासणीही होते.

कायद्याचंही एक सांगतो, कारण आमच्या लोकांना हे माहीत नसतं. नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ५२ वाचा. विनापरवाना किंवा परवानगी सोडून बांधकाम करणारा माणूस, मग ते स्वतःहून असो की दुसऱ्याच्या सांगण्यावरून, शिक्षेला पात्र आहे. एक महिना ते तीन वर्षं कैद. "मालकानं सांगितलं म्हणून केलं" याला तिथं जागाच नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या त्या ६५ इमारती आठवतात? खोट्या परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणीसुद्धा मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला आणि आयुष्याची कमाई घातलेली कुटुंबं हवालदिल झाली. बिल्डरवर सगळे बोलले, अधिकाऱ्यांवर बोलले, बोलायलाच हवं. पण त्या ६५ इमारतींचे स्लॅब कुणीतरी ओतले ना? त्यातल्या एकानंही "प्रारंभ प्रमाणपत्र दाखवा, मी कार्यालयात जाऊन खात्री करतो" असं म्हटलं असतं तर निदान एक इमारत तरी उभी राहिली नसती.

आणि "नंतर नियमित होतं हो, गुंठेवारीत बसवू" हे म्हणणं तर बंदच करा. गुंठेवारीची, म्हणजे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची बांधकामं नियमित करायची, मुदत सरकारनं २०२१ साली ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली, हे खरं. म्हणून उद्याचं घर आजच चुकीचं बांधायचं?

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की काम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा साइटवर लावलेला हवा. मला हे फार पटलं. आमच्या मिस्त्रीच्या हातात वर्किंग ड्रॉइंग असतं, त्यात मालकानं तोंडी सांगितलेले बदल घुसलेले असतात. इथं बाल्कनी वाढव, तिथं जिना बाहेर काढ. शिक्क्याचा नकाशा समोर टांगलेला असला की मिस्त्री स्वतःच विचारतो, "साहेब, यात तर जिना आत आहे."

परवाच्या साइटचे मालक काल सकाळी नकाशा घेऊन आले. लॅमिनेट करून आणला होता, सोबत मोजणीची क प्रतही होती. आम्ही दोघांनी हद्दीच्या खुणा शोधल्या. एक दगड घाणेरीच्या झुडपात सापडला. उत्तरेकडच्या खुंट्या २० सेंटीमीटर आत घेतल्या, जुन्या रेघा पायानं पुसल्या आणि नवीन फक्की मारली. खोदाई सोमवारी सुरू करतोय.