चालावे लागत नाही म्हणे!

आज सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील आले. इंदूरच्या आसपासची पावसाळी ठिकाणे, ढोलाच्या ठेक्यावर झपाझप सरकणारे धबधबे, आणि प्रत्येकाखाली पिवळ्या ठळक अक्षरांत एकच गुण सांगितलेला: ‘गाडी थेट वरपर्यंत जाते, चालावे लागत नाही.’ त्यात पाताळपाणी होते, तिंछा होते आणि जानापावही होते. खाली नातलगांचे अंगठे, टाळ्या आणि ‘या रविवारी पक्के’ असे निरोप. चालावे लागत नाही, हा डोंगराचा गुण कधीपासून झाला, असे मी तिथेच विचारणार होते. परंतु सणावाराला सर्वांची तोंडे पाहायची असतात, म्हणून इथे लिहीत आहे. इथली माणसे आपली आहेत आणि त्यांना मूळ मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

जानापाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आग्रा-मुंबई रस्त्याने महू ओलांडून मानपूरकडे निघाले की लागणारा, समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या वर उठलेला विंध्याचा तो माथा. जमदग्नींचा आश्रम तिथे होता आणि परशुरामाचा जन्म तिथला, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. आता मंदिरापर्यंत डांबरी सडक आहे. माझी आत्या हयात असताना मात्र आम्ही पायथ्याच्या वस्तीपासून पायवाटेने वर गेलो होतो, कारण आत्याचा हट्टच तसा होता. आमचे कुलदैवत माहूरची रेणुका. तेव्हा रेणुकेच्या अंगणात गाडीतून उतरायचे नाही, असे तिने घरातूनच बजावले होते. हातात तांब्याचा तांब्या, पायांत साध्या चपला, आणि दर वळणावर ‘थांब गं जरा’. (माहूरचे लोक म्हणतील की आश्रम आमच्याकडे होता. असू दे. रेणुकेला दोन घरे असली तर आपले काय बिघडते?)

अर्ध्या वाटेवर डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक भिलाला (इथल्या आदिवासी समाजातली) बाई आम्हाला गाठून पुढे निघाली. आत्याला धाप लागलेली पाहून ती थांबली, हंडे उतरवले, डोक्यावरची लुगड्याची चुंबळ काढून झटकली आणि आम्हाला वाटेखालच्या एका झिरीकडे, म्हणजे लहानशा झऱ्याकडे, घेऊन गेली. कातळाच्या भेगेतून मनगटाएवढीही नव्हे अशी बारीक धार येत होती. तिने तळहाताच्या मागच्या बाजूने पाण्यावरची पाने सारली, गाळ खाली बसू दिला, खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानाचा दोना (द्रोण) केला आणि पहिला दोना भरून परत दगडावर ओतला. दुसरा आत्याला दिला. पहिला का ओतला, हे आम्ही विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

पाणी पिऊन हुशारी आल्यावर आत्याने तिला रेणुकेची गोष्ट सांगायला घेतली. वाळूचा घडा आणि नागाची चुंबळ करून रेणुका रोज नदीचे पाणी कसे आणीत असे, एके दिवशी जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ गंधर्वाकडे तिचे मन क्षणभर कसे ओढले गेले, घडा कसा फुटला आणि जमदग्नींच्या आज्ञेवरून मुलाने आईवर परशू कसा उगारला. बाईला गोष्ट आत्यापेक्षा अधिक येत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, “माजी, घड़ा तो हमारा भी फूटता है, पर हमारे यहाँ इतनी बात पे गरदन नहीं काटते.” आत्या इतकी हसली की तिला पुन्हा पाणी द्यावे लागले.

आता मला सांगा, हे संभाषण पार्किंगमध्ये झाले असते काय?

जानापावाहून साडेसात नद्या निघतात, असे तिथले लोक म्हणतात. शहरातल्या शहाण्यांना ती अर्धी नदी ऐकून हसू येते. परंतु त्या माथ्यावर पावसात उभे राहून पाहा. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब चंबळेत जातो किंवा गंभीरेतून, शिप्रेच्या वाटेने, पुढे चंबळेलाच मिळतो. तिथून गांधीसागर, कोटा, घडियालांचे अभयारण्य असे करीत इटाव्याच्या बाजूला यमुनेत आणि अखेर गंगेबरोबर बंगालच्या उपसागरात. दक्षिणेच्या उतारावरचा थेंब चोरलमध्ये किंवा कारममध्ये पडून नर्मदेला आणि तिच्याबरोबर अरबी समुद्राला जातो. भूगोलाच्या पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात आणि मुले ते घोकून विसरतात. त्या बाईने हंडे पुन्हा डोक्यावर चढवताना हनुवटीनेच दोन्ही बाजू दाखवल्या होत्या: इकडचे जमुनाजीचे, तिकडचे नर्मदाजीचे. तिने साडेसात नद्यांची नावे घेतली, तीही उताराच्या क्रमाने. ज्याला तुम्ही दंतकथा म्हणता, ती या मुलखाची पाण्याची वही आहे, आणि ती चालता चालताच वाचता येते.

आपल्या माळव्याचे मोठेपण तरी कशात आहे? इथे हिमालय नाही, सह्याद्रीसारखे छाती दडपणारे कडे नाहीत. मऊ उताराची काळी जमीन, मक्याची आणि सोयाबीनची शेते, मधूनच साग, मोह आणि पळस, आणि एकाएकी जमीन संपून खाली खोल दरी. ‘पग-पग रोटी, डग-डग नीर’ ही म्हण आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. त्यातले पग आणि डग दोन्ही आपण मोटारीत बसवले आहेत. नर्मदेची परिक्रमा करणारे, तिला उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता शेकडो कोस चालणारे लोक महेश्वरच्या घाटावर भेटले की आपण वाकून नमस्कार करतो, त्यांना शिधा देतो, त्यांच्यासोबत छायाचित्र काढतो. आणि स्वतःवर वेळ आली की धबधब्याच्या किती जवळ गाडी लागेल, हा पहिला प्रश्न असतो.

मांडूची कथा तर सर्वांना पाठ आहे. नर्मदेचे दर्शन घेतल्याशिवाय राणी रूपमती अन्न घेत नसे, म्हणून रेवा, म्हणजे नर्मदा, स्वतः डोंगरावर आली आणि रेवाकुंड झाले. आमच्यासाठी मात्र तिला 1978 पासून नर्मदाकाठच्या जलूदहून पंप लावून विंध्य चढवावा लागतो, तेव्हा कुठे इंदूरच्या नळाला पाणी येते. त्याआधी आपल्या आजोबांच्या घरी यशवंतसागराचे पाणी येई, म्हणजे पुन्हा गंभीरेचे, म्हणजे जानापावाचेच. ज्या डोंगराचे पाणी पिऊन आपले घराणे या शहरात वाढले, त्या डोंगरावर जाताना पाय वापरणे आपल्याला जड होते, याचा मला मनापासून राग येतो.

मान्य आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आणि अपंगांनीही जानापाव पाहावे, आणि त्यासाठी सडक हवी. वरच्या वस्तीत कोणी आजारी पडले तर रुग्णवाहिका पोचली पाहिजे, हेही मान्य. पाताळपाण्याला 2011 साली पुराच्या लोंढ्यात एक कुटुंब वाहून गेले, ते चित्रण आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथले कठडे आणि मनाई आवश्यकच आहे. पण एवढे मान्य केल्यावर माझे म्हणणे संपत नाही. सडक झाली म्हणून पायवाट मरायला हवी, हे कोणी ठरवले?

कारण ती मरते आहे. मागच्या पावसाळ्यात मी त्याच वाटेने निघाले. पहिल्या वळणानंतर घाणेरी माजलेली होती, पुढे वाट कुठली आणि ओहोळ कुठला ते कळेना, आणि ती झिरी मला सापडली नाही. असेलही ती तिथेच, पानांखाली. आपल्या या काळ्या कातळाचे थरावर थर आहेत. सच्छिद्र थरात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावरून सरकत येऊन उतारावर बाहेर पडते. एखाद्या वळणासाठी डोंगर कापला की त्या पाण्याची वाटही कापली जाऊ शकते. ज्यांचे पाय रोज त्या झिरीपाशी थांबत होते, त्यांना ती कधी आटली हे पहिल्या दिवशी कळले असते. आपल्याला मात्र वरच्या टपरीवर बाटली मिळते, आणि रिकामी झाली की ती दरीत फेकली जाते. हो, फेकली जाते. चकचकीत गाडीतून उतरलेल्या, स्वच्छतेत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या शहराच्या नागरिकांकडून फेकली जाते. शहराची सीमा संपली की आपली स्वच्छताही संपते का?

पाताळपाण्याचेही तेच. धबधब्याखालचा डोह पाताळापर्यंत पोचतो, ही कथा गावातली म्हातारी माणसे सांगत, तेव्हा पोरे काठापासून चार हात लांब राहत. आता तिथे पाटी आहे आणि पाटीवर चढून रील काढतात. जवळच टंट्यामामाचे ठाणे, म्हणजे देवस्थान, आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या या टंट्या भिल्लाला 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला फाशी दिली आणि त्याचा देह इथे आणून टाकला, असे लोक मानतात. छोट्या लोहमार्गावरची आगगाडी मामाला सलामी देण्यासाठी तिथे क्षणभर थांबत असे. गाडीचे इंजिनसुद्धा थांबत होते, पण आपल्याला थांबायला सवड नाही.

असो. लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, आणि त्या पिवळ्या अक्षरांचा पोरगा काही दुष्ट नसावा, हेही कळते. त्याला कोणी चालवत नेलेच नसेल. आम्हाला निदान आत्या होती.

तर सांगायचे ते असे. ऐन पावसाळ्यात ओढे फुगलेले असताना नको. पाऊस उघडला की, कार्तिकी पौर्णिमेला जानापावावर जत्रेची गर्दी होण्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी, जुन्या पायवाटेने जाऊ. पायथ्याच्या वस्तीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊ आणि त्याची दिवसाची मजुरी आपण वाटून देऊ. कोयता त्याच्याकडे असेल, घाणेरी जमेल तेवढी आपणही काढू. ज्यांना यायचे असेल त्यांनी खाली आपले नाव लिहावे. गाड्या खालीच लागतील. पोहे आणि शेव माझ्याकडे. प्लेटा मात्र प्रत्येकाने आपापल्या घरून स्टीलच्या आणाव्यात, आणि ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी संकोच न करता सांगावे, सडकेने येणाऱ्यांसाठीही एक गाडी ठेवली आहे.