थंडीसाठी बोर्दोच कशाला?

थंडीसाठी फ्रान्सची बोर्दो ही रेड वाइन घ्या, असं एका लेखात सुचवलं आहे. पण आयात शुल्क चढल्यावर पुण्यात परवडणाऱ्या भावात मिळणारी बोर्दो बऱ्याचदा तुरटच निघते. त्यात समोर झणझणीत मटणाचा रस्सा असेल तर तिखट आणखी बोचतं. त्यापेक्षा स्पेनची गार्नाचा (याच नावाच्या द्राक्षाची रेड) घ्या, कालातायुद किंवा कांपो दे बोर्हा भागातली. टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) मऊ, पिकलेल्या लाल फळांची चव. भरीत-भाकरीबरोबरसुद्धा छान लागते. फ्रेंचच हवी तर कोत द्यू रोन बघा, तिच्यातही मुख्य द्राक्ष बहुधा हेच असतं, तिकडे त्याला ग्रनाश म्हणतात. ओक लाकडाच्या पिंपाचा वास आवडणाऱ्यांनी स्पेनच्याच रिओहा भागातली क्रियान्झा घ्यावी: किमान २ वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान १ वर्ष पिंपात.

पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या रेडकडे मात्र आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पोर्ट या तिथल्या गोड वाइनचीच द्राक्षं, पण गोडवा नाही, आणि अंगाने भरदार.

आणि एक विनंती: बाटली ओट्यावरून थेट ग्लासात नको. अशा रेडला १६ ते १८ अंश मानवतात, आणि पुण्यात डिसेंबरच्या दुपारीसुद्धा पारा तिशीजवळ जातो. आधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.