सिस्टिमनं कापलेत म्हणे!

आज डोकं फिरलंय. कुकर लावायचाय, गवार निवडायची तशीच पडलीये, पण आधी हे लिहून टाकते. नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

दुपारी बँकेत गेले होते. कुठल्या ते विचारू नका, सगळे एकाच माळेचे मणी. पासबुक छापायचं मशीन नेहमीसारखं बंद, म्हणून काउंटरच्या रांगेत. माझ्यापुढे एक मावशी. साठीच्या जवळपास. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, पिशवीला रबर. काउंटरवरच्या पोराला विचारत होत्या, "साहेब, लाडक्या बहिणीचे पंधराशे आले म्हणता, मग चौऱ्याऐंशीच कसे राहिले?"

तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "मिनिमम बॅलन्स नव्हता मावशी. सातशे आठ दोनदा गेलेत. सिस्टिमनं कापलेत, आमच्या हातात काही नसतं."

मावशी म्हणाल्या, "बरं."

आणि वळल्या. पिशवीला रबर लावायला लागल्या.

त्या भांडल्या असत्या ना, तर खरं सांगते, मी मोबाईल बघत उभी राहिले असते. त्या "बरं"नं माझं टाळकं सरकलं. कारण ते "बरं" मी स्वतः म्हटलेलं आहे. अगदी तस्संच, मान खाली घालून, पर्सची चेन लावता लावता.

२०१९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. ह्यांची अंबड एमआयडीसीतली कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवायची. त्या वर्षी गाड्यांचा धंदा बसला होता, जुन्या मित्रमंडळींना आठवत असेल. आधी ओव्हरटाइम गेला, मग आठवड्याला चारच दिवस काम, मग सात तारखेचा पगार अठरा तारखेला, तोही अर्धा. आणि स्कूटीचा हप्ता २,८४० रुपये, पाच तारखेचा. पाच तारखेला खात्यात असायचे हजार-बाराशे. हप्ता बाउन्स. बँकेचे ५००, त्यावर अठरा टक्के जीएसटी, झाले ५९०. फायनान्सवाल्यांचा दंड वेगळाच. चार दिवसांनी त्यांनी तोच हप्ता पुन्हा लावला, पुन्हा बाउन्स, पुन्हा ५९०. तीन महिन्यांत असं चारदा. २,३६० रुपये! हप्ता भरायला पैसे नाहीत म्हणून जवळजवळ एका हप्त्याएवढा दंड. ज्याच्याकडे हजार आहेत त्याच्याकडून ५९० काढून घेतले की उरलेल्या ४१० मधून त्याला हप्ता भरणं सोपं जातं, असं काहीतरी यांचं गणित असावं.

तेव्हा मला हेच वाक्य ऐकवलं होतं. सिस्टिमनं कापलेत. मी म्हटलं, बरं. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. ह्यांना सांगितलंसुद्धा नाही, ते तेव्हा जेवताना मान वर करत नव्हते.

सांगितलं अण्णांना. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर, नाशिक डेपो, जन्म गेला पेठ-हरसूलच्या गाड्यांवर. तुमच्यापैकी ज्यांनी लाल डब्यानं प्रवास केलाय त्यांना माहितीये, सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे पेनानं आकडा लिहून देतो, उतरताना मागून घ्या म्हणतो. निम्मी माणसं विसरतात. अण्णा मात्र मागायची वाट बघायचे नाहीत. स्टॉप जवळ आला की हाक मारायचे, "ओ टोपीवाले, तुमचे साडेतीन रुपये राहिलेत!" मी लहानपणी त्यांच्या गाडीत बसून हे शंभरदा पाहिलंय. मला त्याची लाज वाटायची तेव्हा, साडेतीन रुपयांसाठी काय एवढं ओरडायचं.

तर अण्णांनी एकच प्रश्न विचारला. "मागितलेस का?"

म्हटलं, अण्णा, मागून काय होणार, ते सिस्टिममध्ये...

"मी विचारतोय, मागितलेस का?"

नव्हते मागितले. कुणी मागतच नाही. आपल्याला वाटतं चूक आपली, पैसे आपल्याकडे नव्हते, मग कुठल्या तोंडानं मागायचं?

फुलस्केप कागद घेऊन अण्णांनी मला लिहायला बसवलं. चार तारखा, चार रकमा, एकाखाली एक. कारण एका ओळीत: पतीचा पगार तीन महिने अर्धा व उशिरा आला, पगारपत्रक जोडले आहे. मी सवयीनं "कृपया" दोनदा लिहिलं तर एक खोडायला लावलं. म्हणाले, "दोनदा कृपया आलं की कागद रडायला लागतो. तू हिशेब लिही." शेवटी, सदर आकार परत जमा करावेत ही विनंती. झेरॉक्सवर पोच घ्यायची, शिक्का आणि सही. शिवाय फायनान्सवाल्यांना वेगळा अर्ज, हप्त्याची तारीख पाचऐवजी वीस करून द्या म्हणून.

मॅनेजर बरा माणूस होता. अर्ज वाचला, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तीन करून देतो, एक राहू द्या."

एक राहू द्या! कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करावा तसं. मी कसलं घासाघीस करतेय, मान डोलावली. दोन दिवसांनी खात्यात १,७७० जमा. त्यातून किराणा भरला आणि ह्यांच्यासाठी पाव किलो जिलबी आणली. ह्यांनी विचारलं, "कसली गं?" म्हटलं, "सिस्टिमला पाझर फुटला."

पण रात्री झोप आली नाही ती आनंदानं नव्हे. म्हणजे परत देता येत होते ना? कुणाच्या तरी हातात होतं ना? मग तीन महिने मला "आमच्या हातात काही नसतं" असं तोंड वर करून का सांगितलं? पैसे कापताना सिस्टिमला माणूस लागत नाही, परत करताना मात्र मॅनेजर, अर्ज, पगारपत्रक आणि फुलस्केप कागद लागतो. आणि ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचं काय? ज्याचे अण्णा कंडक्टर नव्हते त्याचं काय?

राग कापण्याचा नाहीये माझा. म्हणजे आहे, पण कमी. खरा राग ह्याचा आहे की मागणाऱ्याला मिळतं आणि लाजणाऱ्याचं जातं. आणि पैसे संपलेला माणूस सगळ्यात जास्त लाजतो. त्या लाजेवर ही कमाई चालते. २०२४ मध्ये संसदेत आकडा आला होता, सरकारी बँकांनी पाच वर्षांत फक्त मिनिमम बॅलन्सच्या दंडातून सुमारे ८,५०० कोटी रुपये मिळवले. ह्यात खासगी बँका नाहीत हं. आता सांगा, मिनिमम बॅलन्स कुणाच्या खात्यात नसतो? अंबानींच्या?

असो. मावशींचं सांगते.

त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं. अंबडच्याच एका कंपनीत कंत्राटदाराकडून साफसफाईला होत्या. कंत्राटदारानं सगळ्या बायकांची पगाराची खाती एका दिवसात उघडून दिली, अंगठे आणि सह्या घेऊन. दोन वर्षांनी कंत्राटदार बदलला, काम गेलं, पगार यायचा बंद झाला. पगार यायचा बंद झाला की "सॅलरी अकाउंट"चं गुपचूप साधं खातं होतं आणि त्याला दहा हजारांचा मिनिमम बॅलन्स चिकटतो. दहा हजार! ह्या बाईनं दहा हजार एकत्र कधी पाहिले असतील तर लेकीच्या लग्नात. त्यांचं रोजचं खातं सरकारी बँकेत आहे, पण आधार जोडलेलं राहिलं ह्या जुन्या खात्याला, म्हणून योजनेचे पैसे इथे येऊन पडले. आले तसे झडप. मी काउंटरला विचारलं, आधी कळवलं होतं का? तर म्हणे मेसेज गेलेत. मोबाईल नंबर बघितला तर तो मावशींचा नाहीच. त्यांच्या जुन्या सुपरवायझरचा! त्या भल्या माणसाला मेसेज येत असणार, आपले दहा हजार कमी आहेत म्हणून.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०१५ च्या एप्रिलपासून. शिल्लक कमी झाली तर ग्राहकाला आधी कळवायचं, ती भरायला महिन्याची मुदत द्यायची, मग आकार लावायचा. तोही जेवढी रक्कम कमी त्या प्रमाणात. आणि निव्वळ ह्या दंडापायी खातं शून्याखाली जाता कामा नये. तर आमच्या बँकेनं त्यावर काय युक्ती काढलीये, की खातं शून्यावर असेल तर आकार दाराआड दबा धरून बसतो आणि पैसे आले की बाहेर पडतो. मांजरसुद्धा एवढं चिवट नसतं. लाडक्या बहिणीचे पहिले पैसे आले तेव्हा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, असंच कापाकापीचं प्रकरण झालं होतं. तेव्हा सरकारनं बँकांना सांगितलं होतं, हे पैसे कापू नका. सांगितलं होतं. बरं.

हो हो, माहितीये, बँकेत काम करणारे मित्र आता कमेंटमध्ये येतील. बँक धर्मशाळा नाही, एटीएम, शाखा, पोरांचे पगार ह्याला पैसा लागतो. मान्य. मुद्दाम हप्ते बुडवणारे महाभागही असतात. असतील. पण स्टेट बँकेनं २०२० मध्ये मिनिमम बॅलन्सची अट काढली, ती काही बुडाली नाही. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा ह्यांनीही काढली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका मोठ्या खासगी बँकेनं शहरातल्या नव्या खात्यांना ५०,००० ची अट घातली, लोकांनी बोंबाबोंब केली, तर काही दिवसांत १५,००० वर आली. बघा! बोंब मारली की सिस्टिमला ऐकू येतं.

आणि तो काउंटरवरचा पोरगा. मी त्याच्यावर ओरडले. "तुझ्या आईचे कापले असते तर?" असं म्हणाले, सगळ्या रांगेसमोर. तो लाल झाला. ते चुकलं माझं. पंचवीस-सव्वीसचा असेल, त्याला काय अधिकार आहे, विमा विकायचं टार्गेट तेवढं आहे. नंतर त्यानंच हळूच एक कोरा फॉर्म आणि पेन पुढे सरकवलं आणि म्हणाला, "मॅडम, अर्जात नंबर चुकीचा होता हे आधी लिहा." म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं.

तर फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला मावशींचा अर्ज लिहिला. दोन रकमा, १,४१६ रुपये. नोंदवलेला मोबाईल नंबर माझा नाही, मला सूचना मिळालेली नाही. रक्कम शासकीय योजनेची आहे. आकार परत करावेत, आणि हे खातं बेसिक बचत खातं करून द्यावं. हे बेसिक खातं प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं, त्याला मिनिमम बॅलन्स नसतो, पण ही गोष्ट कुठल्याच बँकेच्या भिंतीवर ठळक अक्षरात दिसत नाही, का बरं? कृपया एकदाच लिहिलं.

मॅनेजरबाई आधी म्हणाल्या, ठेवून जा, बघू. म्हटलं, पोच द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट, आणि १४४४८ वर फोनही लागतो. हे मी अगदी गोड आवाजात सांगितलं. शिक्का मिळाला.

मावशींनी विचारलं, "येतील का हो पैसे?"

मला हो म्हणायचं होतं. म्हटलं, माहीत नाही मावशी, पण मागितलेत आपण. त्या हसल्या. "मागायचं असतंय का असं? मला वाटलं गेले ते गेले." पोच पासबुकात घातली, पासबुक पिशवीत, वर रबर. जाता जाता मला म्हणाल्या, "तुमचे पण कापले होते का?" म्हटलं, हो. एक ५९० अजून यायचेत.

खरंच की, ते एक राहिलेलेच आहेत. सात वर्षं होतील आता.

ता. क. आत्ता अण्णांना फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. वाटलं होतं कौतुक करतील. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्जावर तारीख टाकलीस का?"

नाही टाकली. शिक्क्यावर असते ना हो अण्णा, म्हटलं.

"शिक्का त्यांचा. अर्ज आपला."

उद्या मावशींना फोन करून पुन्हा जाणं आलं. कुकर लावते.