उदाहरणात नसलेली माहिती

आमची लेक पाचवीत आहे. गणिताचं तिला काही वावडं नाही, वावडं आहे ते शाब्दिक उदाहरणांचं. १,१५० गुणिले १२ असं मांडून दिलं, तर हातचे घेत बिनबोभाट उरकते. त्याच आकड्यांना एखादा शेतकरी येऊन चिकटला की ती पेन्सिल चावायला लागते आणि बायको मला हाक मारते. मी रावेरकडचा केळीवाला, काट्यापुढे उभ्याउभ्या हिशोब करणारा माणूस. पाचवीचं गणित म्हणजे चहा निवायच्या आत होणारं काम, असा माझा समज होता.

पहिलंच उदाहरण केळीचं निघालं. एरवी पुस्तकातली केळी डझनावर जातात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी पुस्तकातला माणूस आपला डझनभरच घेतो. पण हे उदाहरण आमच्यातलं होतं: ‘एका शेतकऱ्याने १२ क्विंटल केळी १,१५० रुपये क्विंटल दराने विकली. गाडीभाडे ८०० रुपये झाले. त्याच्याजवळ किती रुपये उरले?’

लेकीने ‘उरले’च्या खाली रेघ मारली. “उरले म्हणजे वजाबाकी, पप्पा.”

हे खूळ कुठून आलं देव जाणे. मी म्हटलं, “मीनाने ७ बोरं खाल्ली आणि १५ उरली, तर आधी किती होती?” तिने झटकन सांगितलं, “८!” मग माझ्याकडे पाहिलं, बोटं मोजली आणि गप्प बसली. तेवढा एक विजय माझ्या नावावर. पुढे सगळी घसरगुंडीच.

कारण मी उदाहरण वाचलं ते केळीवाल्यासारखं. “गाडीभाडं व्यापाऱ्याचं असतं, ते सोड. व्यापारी वजनातून कापतो ती कटती धर. क्विंटलमागे २ किलो, म्हणजे २४ किलो गेले. राहिले १,१७६ किलो, साडेअकराने गुण.” उत्तर आलं १३,५२४. मला त्यात काहीच खटकलं नाही. उलट भाव चांगला लागला असंच वाटलं.

“पण पप्पा, दिलेली माहिती, काय काढायचं, रीत, उत्तर, असं चार ओळींत लिहायचंय.”

“रीत कसली? उत्तर आलं ना?”

एवढ्यात ओट्यावर भरताची वांगी सोलत बसलेली आई बोलली, “पोरीले रडवू राह्यला का रे?” तिची शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पावकी-निमकी अजून तोंडपाठ. वांग्यावरची नजर न काढता म्हणाली, “बारा अकरं एकशे बत्तीस, बारा निमे सहा. एकशे अडतीस. वर दोन पूज्य.” १३,८००. त्यातून ८०० गेले, १३,००० राहिले. पुस्तकातलं उत्तर हेच. पण आईच्या उत्तरालाही रीत नव्हती, त्यामुळे तेही बाद. आणि बापाच्या इज्जतीचा प्रश्न असल्याने वहीत गेलं माझंच.

दुसऱ्या दिवशी बाईंचा लाल शेरा आला: ‘उदाहरणात नसलेली माहिती घेऊ नये.’

खरं सांगायचं तर शेरा मला झोंबला. मग रात्री बसून आम्ही ते पुन्हा सोडवलं, चार ओळींत. आधी १२ गुणिले १,१५०, मग वजा ८००. दिलेली माहिती लिहिताना ‘कटती’ शब्द माझ्या तोंडातून दोनदा निसटला. दोन्ही वेळा लेकीने खोडरबर पुढे केला.

परवा माझ्या मालाची पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचा हिशोबाचा कागद, आली. भाव फोनवर ठरलेलाच, वजनही तेच. खाली मात्र कटती, तिच्याखाली ‘इतर’ आणि त्याच्याखाली एक वजाबाकी, जिला नावच नव्हतं. मी पट्टी टीव्हीवर ठेवून हातपाय धुवायला गेलो. परत येऊन पाहतो तर लेकीने दप्तरातला लाल पेन काढला होता. ‘इतर’भोवती गोल होता आणि तळाशी बाईंच्याच वळणाचं अक्षर:

‘उदाहरणात नसलेली माहिती घेऊ नये.’