टिकली, दूध-बिस्किट आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका

आमच्या सोसायटीच्या मागच्या जिन्याखाली एक मांजर राहते. कपाळावर काळा ठिपका, म्हणून टिकली. गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा नीट जवळून पाहिली तेव्हा केस राठ, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा आणि शेपटीखाली सगळं चिकट. गंमत म्हणजे ती उपाशी नव्हतीच. सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे दुधात बुडवलेली ग्लुकोज बिस्किटं, दुपारी कुणाकडे तरी दहीभात, रात्री वॉचमनच्या डब्यातली पोळी. सगळे आपापल्या परीने मायेनेच घालत होते.

मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. मला तर वाटतं, डोळे मिटलेले असतात ते पाजणाऱ्याचे. पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, मग जुलाब. आणि बिस्किटाचा गोडवा तिच्यापर्यंत पोचतच नाही, कारण मांजराच्या जिभेला गोड चव कळत नाही. तिला ओढ असते ती त्यातल्या स्निग्ध वासाची.

आता जरा टोचेल असं बोलते. भटक्या मांजराला वरणभातावर ठेवून पुण्य आपण कमावतो, किंमत ती मोजते. टॉरिन नावाचा एक घटक तिला मांसातूनच मिळतो, शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो कमी पडला तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. हृदयाचं हे कारण 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, तेव्हा तर विकतच्या कॅट फूडमध्येही टॉरिन कमी पडत होतं! गाजर-भोपळ्यातून आपल्याला मिळतं तसं अ जीवनसत्त्वही तिला बनवता येत नाही. कुत्र्याच्या खाण्यावरही तिचं भागत नाही.

मी स्वतः अंडंही न शिजणाऱ्या घरातली. पहिल्यांदा चिकनवाल्याकडे 'पाव किलो दिल द्या' म्हणाले तेव्हा आवाज फुटेना. (कोंबडीच्या हृदयाला तिथे दिलच म्हणतात, आणि त्यात टॉरिन भरपूर असतं.) बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. सासूबाई आठवडाभर त्या दाराकडे फिरकल्या नाहीत.

एवढं करून टिकलीने काय केलं? हुंगलं, आणि वाळू उकरावी तसा पंजा फिरवून निघून गेली. लहानपणी जे तोंडी लागलं तेच मांजराला अन्न वाटतं. 'भूक लागली की खाईल झक मारत' हा सल्ला मला तिघांनी दिला. कृपा करून ऐकू नका. मांजर दोन-चार दिवस काहीच खात नसेल तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

मग काकांच्याच बिस्किटात चिमूटभर चिकन कुस्करलं. दर दोन दिवसांनी बिस्किट कमी, चिकन जास्त. फ्रिजमधलं थंडगार तर ती बघतही नाही, कोमट केलं की वास सुटतो आणि कान उभे राहतात. चिकन उकडलेलं पाणी मी फेकत नाही, टॉरिन त्यातही उतरतं. मीठ, कांदा, लसूण अजिबात नाही. म्हणूनच कालवणातलं उरलेलं देऊ नका, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली हाडंही नकोत. कलेजी आठवड्यातून एखादा तुकडा, मासळी कधीतरी, उकडून आणि काटे काढून. पण नुसतं चिकन म्हणजेही पूर्ण आहार नव्हे, हाडांना लागणारं कॅल्शियम त्यात नसतं. म्हणून आता निम्म्याहून जास्त कॅट फूडच असतं, त्यावर कोमट पाणी. मांजर मुळात वाळवंटी प्राणी, आपणहून पाणी कमीच पिते.

अडीच आठवडे लागले. वीस मिनिटांत ताटली उचलते, नाहीतर मुंग्या, कावळे आणि सोसायटीचे सेक्रेटरी, तिघेही हजर.

सगळ्यात अवघड निघाले ते काका. काकू गेल्यापासून सकाळी त्यांच्या दाराशी येणारं तेवढंच कुणीतरी. दूध बंद करा म्हणायला गेले तर म्हणाले, "मग ती माझ्याकडे येईल कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅट फूडच्या दाण्यांचा डबा त्यांच्याकडेच ठेवून आले.

आता सकाळी सात वाजता जिन्यात डबा खुळखुळतो. काल काकांनी मला थांबवून विचारलं, "हे दाणे आपल्या टिकलीला जरा कोरडे नाही का पडत?"