‘खोकला जातच नाही’ यातला ‘नाही’: परिभाषा संपल्याच्या दाव्याला उत्तर

डॉक्टरांच्या, नर्सिंगच्या आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्यात चार दावे आहेत. एक, एआयला आता वैद्यकीय बोलणं समजतं, म्हणून आजारांचे कोड (प्रत्येक आजाराला किंवा लक्षणाला दिलेले ठरावीक क्रमांक) आणि परिभाषा यांची गरज संपली. दोन, रुग्ण मराठीत बोलला तरी यंत्र त्याचं इंग्रजी करून देतं, मग मूळ शब्द जपायचे कशाला? तीन, जुने केसपेपर स्कॅन करून घातले की संशोधन आपोआप होईल. चार, नाव खोडलं की गोपनीयता राखली गेली.

मी सोलापुरात कम्युनिटी मेडिसिन शिकवते. केसपेपरवरच्या नोंदी कोडमध्ये बसवण्याचं काम गेली काही वर्षं करते आहे. हा मजकूर माझ्याच विद्यार्थ्यांनी मला आनंदाने पाठवला, म्हणून उत्तर सविस्तर देते. सुरुवात दुसऱ्या दाव्यापासून, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

‘मराठीचं इंग्रजी यंत्र करून देतं.’ एक ‘अंग’ शब्द घ्या. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात. ‘अंगावर पांढरं जातं’ ही स्त्रीरोगाची तक्रार. ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे गर्भाशय खाली सरकलंय, आणि ते सांगायला त्या बाईला कदाचित दहा वर्षं लागलेली असतात. ‘बाळ अंगावर पितं’ हे आईच्या दुधाबद्दल. ‘ताप अंगावर काढला’ यात तर नवा आजार नाहीच, उपचार न घेता किती दिवस गेले त्याची ती कबुली आहे, आणि उशीर का होतो हे शोधणाऱ्याला त्या तीन शब्दांइतकी मोलाची माहिती अख्ख्या केसपेपरवर दुसरी नसते. इंग्रजी सारांशात उरतो फक्त ताप.

आता सोलापूरचंच घ्या. यंत्रमागावर आणि टॉवेलच्या कारखान्यात काम करणारी बाई ‘पाळी चुकली’ म्हणते, तेव्हा ती कामाची पाळी की महिन्याची, हे समोर बसलेल्या सिस्टरला लगेच कळतं. कागदावर ते कळायला आधीचं वाक्य लागतं. एप्रिल-मेमध्ये ‘उन्हाळी लागली’ म्हणणारा माणूस हवामानाबद्दल बोलत नसतो, त्याला लघवीला जळजळ होत असते. ‘नागीण’ उठते तेव्हा साप चावलेला नसतो.

एका दवाखान्यात मी बोलण्यावरून सारांश काढणारं सॉफ्टवेअर चालताना पाहिलं. पन्नाशीतले गृहस्थ म्हणाले, ‘जीव घाबरल्यासारखा होतोय आणि डाव्या हाताला मुंग्या येतायत.’ इंग्रजी सारांशात रुग्ण ‘चिंताग्रस्त’ एवढंच आलं, हाताचं वाक्य गळलं. ड्यूटीवरच्या सिस्टरने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं, म्हणून ईसीजी लगेच काढला गेला. मूळ मराठी वाक्य कुठेही साठवलेलं नव्हतं. चूक कुणाची आणि कुठे झाली, हे नंतर तपासायला कागदावर काही उरलंच नाही. माझा खरा आक्षेप या ठिकाणी आहे. भाषांतर जरूर करा, पण मूळ वाक्य त्याच्या शेजारी राहिलं पाहिजे.

नकाराचा प्रश्न याहून अवघड आहे. वैद्यकीय मजकुरात नकार ओळखण्यासाठी पिट्सबर्गमध्ये वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेगेक्स’ नावाची पद्धत मांडली. नकाराचा शब्द शोधायचा, त्याच्या आसपासची लक्षणं ‘नाही’ धरायची, इतकी ती साधी. इंग्रजीत नकार बहुतेक वेळा लक्षणाच्या आधी येतो. मराठीत तो वाक्याच्या टोकाला बसतो: ‘ताप, खोकला, दम, उलटी, काही नाही.’ चारही लक्षणं एका शेवटच्या शब्दावर अवलंबून. आणि मग रुग्ण म्हणतो, ‘खोकला जातच नाही.’ इथे ‘नाही’ आहे, आणि खोकलाही आहे. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला म्हणजे क्षयरोगाची तपासणी करायची, हा आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम. नकार मोजणाऱ्या प्रोग्रामने हा माणूस ‘खोकला नाही’ या रकान्यात टाकला, तर थुंकीची तपासणी होणार नाही. ‘आईला शुगर होती’ यातली शुगर रुग्णाची नाही, आणि ‘मला बीपी आहे’ म्हणजे रक्तदाब वाढलेला आहे, हेही असंच कुणीतरी बसून यंत्राला शिकवावं लागतं. चॅटजीपीटीसारखी नवी भाषिक मॉडेल्स यातलं बरंचसं ओळखतात हे मी मान्य करते. पण बरंचसं म्हणजे किती, हे कळायला माणसांनी आधी तपासून खूण केलेली मराठी वाक्यं हवीत. ती नसताना ‘समजतं’ हा शब्द वापरायला माझी तयारी नाही.

आता पहिला दावा: ‘कोड आणि परिभाषा यांची गरज संपली.’ यामागे असा समज दिसतो की परिभाषा म्हणजे कठीण शब्दांची यादी, आणि यंत्राला शब्द कळले की यादी फेकून द्यायची.

आपल्या शहरात एका सकाळच्या ओपीडीत ‘डोकं दुखतंय’, पूर्व भागातून आलेल्या आजींचं तेलुगू ‘तल नोप्पि’ आणि अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याचं कन्नड ‘तले नोवु’ ही तिन्ही वाक्यं ऐकू येतात. स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय परिभाषेत या तिन्हींसाठी एकच क्रमांक आहे, २५०६४००२. तो क्रमांक कोणत्याच भाषेतला शब्द नाही. तो संकल्पनेचा पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावर कितीही भाषांतले शब्द राहू शकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९८६ मध्ये यूएमएलएस हा प्रकल्प सुरू केला तो याचसाठी: वेगवेगळ्या याद्यांतले एकाच अर्थाचे शब्द एका संकल्पनेखाली आणायचे. वैद्यकीय माहितीशास्त्राचे अभ्यासक जेम्स सिमिनो यांनी १९९८ मध्ये चांगल्या परिभाषेच्या अटी मांडल्या. त्यातल्या दोन मला फार महत्त्वाच्या वाटतात. क्रमांकात स्वतःचा अर्थ भरलेला नसावा, म्हणजे नुसत्या आकड्यांवरून आजार किंवा त्याचा वर्ग ठरू नये, आणि एकदा दिलेली संकल्पना कधी पुसली जाऊ नये. आजाराचं नाव बदलतं, वर्गवारी बदलते, पण वीस वर्षांपूर्वीची नोंद आजही त्याच अर्थाने मोजता आली पाहिजे. भाषिक मॉडेलची आवृत्ती बदलली की उत्तर बदलतं. मग २०२४ची आणि २०२९ची आकडेवारी कशाच्या आधारावर जुळवायची?

शिवाय कोड देण्यात ही मॉडेल्स किती भरवशाची आहेत तेही पाहा. न्यूयॉर्कच्या माउंट सिनायमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशा मॉडेल्सना कोडचं अधिकृत वर्णन दिलं आणि कोड विचारला. त्यांत सगळ्यात पुढे असलेल्या जीपीटी-४लाही निम्म्याहून कमी वेळा तंतोतंत कोड देता आला. हे स्वच्छ, छापील इंग्रजीत. पहिला मसुदा यंत्राने करावा आणि प्रशिक्षित कोडरने तो तपासावा, या पद्धतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण तपासायचं ते परिभाषेशीच ताडून ना?

ही परिभाषा परक्यांची, महागडी, असंही त्या मजकुरात सुचवलंय. भारत २०१४ मध्ये स्नोमेडचा सदस्य देश झाला. देशात ती वापरायला शुल्क लागत नाही, आणि तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे, सोलापूरहून रेल्वेने सकाळी निघून दुपारी पोचता येईल इतक्या अंतरावर. स्पॅनिश, स्वीडिश, डॅनिश शब्द संकल्पनांना जोडले गेले, त्याच रीतीने ‘अंग बाहेर येणं’ हेही जोडता येतं. ते काम आपण करायला हवं. ‘उन्हाळी’चा अर्थ दुसरीकडचं कुणी ठरवणार नाही.

‘जुने केसपेपर घातले की संशोधन आपोआप होईल.’ ज्यांनी रेकॉर्ड सेक्शनमध्ये एक दिवसही घालवलाय ते असं लिहिणार नाहीत. तिथल्या कागदांवर ‘एमएस’ असतं: हृदयाची झडप अरुंद झाल्याचं, की मज्जासंस्थेच्या आजाराचं? ‘पीटी’ म्हणजे पेशंट, फिजिओथेरपी, की रक्त गोठण्याची तपासणी? लिहिणारा डॉक्टर केव्हाच बदलून गेलेला असतो. इंग्रजी वैद्यकीय नोंदींवरच्या संशोधनात सतत वापरला जाणारा ‘मिमिक’ हा संग्रह बोस्टनच्या एका रुग्णालयातला, मुख्यतः अतिदक्षता विभागातला आहे. त्यावर शिकलेल्या मॉडेलने आपली ओपीडी कधी पाहिलेलीच नाही.

आणि नोंदीतून संशोधन कसं उभं राहतं हे बघायला लांब जायची गरज नाही, बार्शीला जा. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे १९८७ मध्ये सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी. कर्मचारी गावोगाव गेले, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले, रुग्ण शोधले. प्रत्येक नोंदीला अवयव कोणता आणि गाठ कोणत्या पेशींची, याचे ठरलेले कोड लागतात, नाहीतर इथला आकडा दुसऱ्या कुठल्याही आकड्याशेजारी ठेवता येत नाही. पुढे याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला. कोणता मृत्यू या आजाराचा धरायचा, हे आधी ठरलेलं नसेल तर ‘निम्मे’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी तो मजकूर पुढे पाठवण्याआधी बार्शीची एक फेरी करावी, असं मला मनापासून वाटतं.

राहिला चौथा दावा, नाव खोडण्याचा. नाव शोधणारे प्रोग्राम मराठीवर चालवून पाहा. ‘मानेत कळ येते’, ‘मानेला गाठ आहे’ आणि ‘माने यांना दाखल केलं’. आपल्याकडे माने किती आहेत ते सांगायला नको. आडनाव पकडण्यासाठी प्रोग्राम कडक केला की रुग्णाची मान गायब होते, सैल केला की आडनाव राहून जातं. काळे, पांढरे, वाघ यांचंही तेच. शिवाय नाव नसलं तरी ‘विडी वळणारी, अमुक गल्लीतली, जुळ्यांची आई’ एवढ्यावर गल्लीतलं कुणीही तिला ओळखेल. अमेरिकेतल्या हिपा कायद्याच्या एका पद्धतीत ओळख पटवणाऱ्या अठरा प्रकारच्या गोष्टी काढाव्या लागतात, नाव ही त्यातली फक्त एक. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय. त्या बाईने ‘अंग बाहेर येतं’ हे आयुष्यात पहिल्यांदा, आवाज खाली करून, आम्हाला सांगितलेलं असतं. तिचा कागद कुठल्याही चॅटमध्ये चिकटवण्याआधी तिला विचारलं होतं का, एवढं मला तो मजकूर लिहिणाऱ्याकडून ऐकायचं आहे.